कै. संस्थापकांचे वीजबिल

सार्वजनिक वाचनालयात गेलो की पुस्तकांआधी माझं लक्ष छताकडे जातं. तिथे पंखे असतात आणि पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात दाते असतात. ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’, ‘दहावी १९८४च्या तुकडीकडून सप्रेम’. पंखा बंद असेल तरच दाता वाचता येतो. पंखा सुरू झाला की दात्याचं नुसतं गुलाबी वर्तुळ होतं. एका ठिकाणी तर देणगीदाराचे चिरंजीव पाहुण्यांना घेऊन आले की शिपाई आधी पंखे बंद करतो. पाहुणे घाम पुसत नाव वाचतात, चिरंजीव भरून पावतात, आणि मगच हवा सुरू होते.

पंखा देणारे आहेत, कपाट देणारे आहेत, थंड पाण्याची टाकी देणारे तर रांगेत उभे आहेत. पण तो पंखा फिरवायला आणि ते पाणी गार करायला जी वीज लागते, तिचं बिल कोणाच्या स्मरणार्थ भरलेलं मी अजून पाहिलेलं नाही. ‘चि. नातवाच्या मुंजीप्रीत्यर्थ एप्रिल महिन्याचा स्थिर आकार’ अशी पावती फाडायची पाळी कुठल्याच खजिनदारावर आलेली नाही. आपल्याकडे दानाला वस्तू लागते. वस्तूला पृष्ठभाग लागतो, पृष्ठभागावर नाव मावतं. बिलाला पृष्ठभाग असतो, पण तो वीज कंपनीने आधीच भरून टाकलेला असतो.

आमच्या तालुक्यातल्या संस्थांना हे कोडं सोडवून द्यायचा विडा एका गृहस्थांनी उचलला आहे. वीज खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले, सगळं गाव त्यांना काका म्हणतं. संस्थांनी गच्चीवर सोलर बसवावं, बिल वाचवावं आणि वाचलेल्या पैशांतून जे काम करायला संस्था काढली ते काम करावं, इतकं साधं त्यांचं म्हणणं. फी घेत नाहीत. चहा घेतात, पण बिनसाखरेचा, त्यामुळे संस्थेवर तोही भार पडत नाही. मी त्यांच्याबरोबर जातो, कारण स्कूटर माझी आहे.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मागच्या बारा महिन्यांची बिलं द्या.” या एका वाक्याने मी चांगल्या-चांगल्या कार्यकारिणी गारद होताना पाहिल्या आहेत. मंडळींना संस्थेचा इतिहास विचारा, अर्धा तास सांगतील. घटना विचारा, कलमासह सांगतील. बिलं? बिलं खजिनदारांकडे. खजिनदार म्हणतात कार्यवाहांकडे. कार्यवाह म्हणतात, शिपाई भरून येतो, त्याला विचारा. एका विद्यार्थी वसतिगृहाची बिलं खजिनदारांच्या स्कूटरच्या डिकीत, स्पॅनर आणि रेनकोटच्या मध्ये सापडली. पावसाळा नुकताच संपला होता. जुलैचं बिल ऑगस्टला असं चिकटलं होतं की काकांनी दोन्हींची मिळून सरासरी काढली.

बिलं हाती आली की खरी मजा सुरू होते. आपल्या बिलात वीज आकार असतो, वहन आकार असतो, स्थिर आकार असतो, इंधन समायोजन असतं आणि वर वीज शुल्क असतं. सामान्य माणूस यातला सगळ्यात खालचा आकडा वाचतो आणि सुस्कारा टाकतो. काका मात्र सगळ्यात वरची ओळ वाचतात. ग्राहकाचं नाव आणि दराचा वर्ग. शाळा, दवाखाने, वाचनालयं यांच्यासाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वर्ग वीज नियामक आयोगाने २०१२ पासून केलेला आहे. तरी कित्येक संस्था दुकानांच्या व्यापारी दराने बिल भरत असतात. कारण जोडणी घेतली तेव्हा अर्जावर जे लिहिलं ते लिहिलं. धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी संस्था धर्मादाय आणि मीटरवर किराणा भुसार. सोलरचा एकही पत्रा वर न चढवता, एका अर्जावर, हा फरक सुटतो. काका हा अर्ज तिथल्या तिथे लिहून देतात, आणि कार्यवाह तो पुढच्या सभेपुढे ठेवतात.

नावाची गंमत याहून मोठी. आमच्या गावच्या वाचनालयाचं बिल कै. संस्थापकांच्या नावाने येत होतं. संस्थापकांचा अर्धपुतळा दारातच आहे, गळ्यात हार आहे, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत. वीज कंपनीच्या लेखी मात्र ते हयात होते, नियमित वीज वापरत होते आणि अधूनमधून उशिरा बिल भरत होते. थकबाकीची नोटीस आली की ती पुतळ्यापुढे ठेवायची प्रथा शिपायाने पाडली होती. सोलरसाठी नेट मीटरचा, म्हणजे येणारी-जाणारी वीज मोजणाऱ्या मीटरचा, अर्ज करायचा तर ग्राहकाची सही लागते. म्हणजे आधी नाव बदला. नाव बदलायला वारसांची संमती. वारस तिघे, एक पुण्यात, एक कॅनडात, आणि एक याच गावात. गावातला संस्थेवर रुसलेला. कॅनडातल्याचं पत्र आठवड्यात आलं. गावातल्याचं मन वळवायला त्यांना वर्धापनदिनाला व्यासपीठावर बसवावं लागलं.

एवढं झालं म्हणजे सोलर बसेल असं मंडळींना वाटतं. काका म्हणतात, थांबा. आधी आत काय जळतंय ते बघू. जुना पंखा पाऊणशे वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तिशीत भागवतो. जुनी चोकवाली नळी पन्नासच्या वर जाते, एलईडी विसात उजेड देते. पंखे-दिवे बदलले की निम्मा भार आपोआप उतरतो, मग वर सोलरही कमी लागतं, पैसेही कमी. हे गणित इतकं सरळ आहे की त्याला विरोध करता येत नाही. म्हणून विरोध दुसरीकडून आला.

“पंखे उतरवायचे म्हणजे मातोश्रींना उतरवायचं?” एक ज्येष्ठ सभासद म्हणाले.

सभा स्तब्ध. पंखा भंगारात देता येतो. पात्यावरचं नाव भंगारात देता येत नाही. शिवाय त्या मातोश्रींचे चिरंजीव समोरच्या खुर्चीवर बसलेले. पाऊण तास चर्चा झाली. नव्या पंख्यांना जुनी पाती लावावीत अशी सूचना आली. ती बसत नाहीत म्हटल्यावर, जुने पंखे छताला राहू द्यावेत आणि नवे भिंतीवर लावावेत अशी उपसूचना आली. शेवटी ठराव झाला तो असा की जुन्या पंख्यांची नाव असलेली तेवढी पाती काढून, पुसून, कार्यालयाच्या भिंतीवर ओळीने लावावीत. ती आजही आहेत. नवीन माणसाला वाटतं, संस्था पूर्वी विमानं बनवत असावी. चिरंजीव मात्र प्रसन्न आहेत, कारण नाव आता बाराही महिने स्थिर आहे.

मग गच्ची. संस्थेची गच्ची ही कार्यकारिणीने कधीही न पाहिलेली मालमत्ता असते. मालमत्तेच्या यादीत तिची नोंद असते, पण जिन्याच्या दाराची किल्ली शिपायाच्या बायकोकडे असते, कारण खरा वहिवाटदार तीच. आम्ही वर गेलो तेव्हा उन्हाळा होता. म्हणजे गच्चीवर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या आणि एका कोपऱ्यात मिरच्या. काकांना पाच किलोवॅटसाठी बिनसावलीची पाचएकशे चौरस फूट जागा हवी होती. मावशींनी पदर खोचला. “इथं सूर्य आमचा आधीपासनं आहे,” त्या म्हणाल्या. त्यात चूक काहीच नव्हती. गावात सौरऊर्जेचा नियमित, फायदेशीर आणि अनुदानाशिवाय वापर करणारी ती एकमेव यंत्रणा होती. शेवटी वाटणी झाली. पूर्वेची पट्टी वाळवणाला, उरलेली संस्थेला. पॅनलवर काही वाळत घालायचं नाही, अशी तोंडी अट घातली. कारण एका पॅनलवर सावली पडली की त्याच्या रांगेतल्या बाकीच्यांचाही जोर कमी होतो, अगदी कार्यकारिणीसारखं.

गच्चीवर आणखी एक गोष्ट हमखास सापडते. आधीच्या सोलरचे अवशेष. गंजलेला खांब, त्यावर मान मोडलेला दिवा, खाली रिकामी पेटी. पेटीत बॅटरी होती, ती पाचेक वर्षांत मेली किंवा त्याआधी चोरीला गेली. “सोलर आम्ही केलं होतं, चालत नाही,” असं ज्या संस्थांत सांगतात, तिथे हा खांब असतोच. काकांना या खांबाशी दरवेळी भांडावं लागतं. तारेला जोडलेल्या सोलरला बॅटरी लागत नाही, दिवसा जादा झालेली वीज मीटरमधून बाहेर जाते आणि बिलात वजा होते, पॅनलची हमी पंचवीस वर्षांची असते, हे ते समजावून सांगतात. कोणत्या वेळची वीज कोणत्या वेळच्या वापरातून वजा करायची याचे नियम आयोग अधूनमधून बदलतो, म्हणून काका ताजा आदेश वाचल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नाहीत. सगळं ऐकून घेऊन अध्यक्ष खांबाकडे बघत म्हणतात, “तरी पण.”

यावर काकांकडे एक रामबाण आहे. तो म्हणजे शिर्डी. साईसंस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली सूर्याकडे तोंड करून ७३ तबकड्या बसवल्या. त्या ऊन गोळा करतात, त्यावर पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेवर भक्तांचा वरणभात शिजतो. या तबकड्यांचा मूळ शोध वोल्फगांग शेफलर या युरोपीय माणसाचा. ते वेगळं तंत्र, आपलं वेगळं, हे काका प्रामाणिकपणे सांगतात. पण ‘शिर्डीला आहे’ एवढं ऐकल्यावर पुढचं कोणी ऐकत नाही. खांबाचा मुद्दा तिथेच निकाली निघतो. जे बाबांना चाललं ते वाचनालयाला चालायला हरकत नसते.

दिशेचा प्रश्न मात्र शिर्डीनेही सुटला नाही. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, सूर्य वर्षाचा बराचसा काळ दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला. हे ऐकताच उपाध्यक्ष उठले. त्यांनी वास्तुशास्त्राचा पत्रव्यवहाराने अभ्यास केलेला. “दक्षिण ही यमाची दिशा. संस्थेचं तोंड यमाकडे करायचं?” काकांनी अक्षांश सांगितले, कोन सांगितला, उत्तरेकडे तोंड केलं तर किती युनिट बुडतील तेही सांगितलं. उपाध्यक्ष हलेनात. तेव्हा मागून शिपाई म्हणाला, “साहेब, आपल्या वेशीवरचा मारुतीपण दक्षिणमुखीच आहे की. आणि सूर्याला गिळायला निघालेला तोच.” उपाध्यक्ष खाली बसले. इतिवृत्तात मात्र ‘साधकबाधक चर्चेअंती’ एवढंच आलं. शिपायाचं नाव नाही.

आता पैसा. इथे वाचकांनी जरा खुर्ची ओढून बसावं, कारण या भागातला विनोद माझा नाही, सरकारी आहे.

तुम्ही आपल्या घरावर सोलर बसवलं तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. सोसायटीने सामाईक वापरासाठी बसवलं तर किलोवॅटमागे १८,०००. अनाथाश्रमाने बसवलं तर अभिनंदन मिळतं. पूर्वीच्या योजनेत सामाजिक संस्थांनाही तीस टक्क्यांपर्यंत मदत होती. २०१९च्या नव्या टप्प्यात ती फक्त घरांपुरती उरली. त्या वसतिगृहाने सोलरचा ठराव केला तेव्हा ती मदत चालू होती. तो ठराव कायम झाला तेव्हा बंद झाली होती. मधल्या काळात उपसमिती नेमली होती.

बरं, कारखानदाराला अनुदान नाही, पण त्याला घसाऱ्याची सोय आहे. सोलरवर पहिल्याच वर्षी चाळीस टक्के घसारा धरता येतो, २०१७ च्या मार्चपर्यंत तर ऐंशी टक्के होता. तेवढा नफा कमी दिसतो, तेवढा आयकर वाचतो. संस्थेला ही सवलत काही उपयोगाची नाही, कारण संस्था मुळात नफा करत नाही आणि कर भरत नाही. म्हणजे घर वाचतं अनुदानाने, कारखाना वाचतो घसाऱ्याने, आणि जी संस्था लोकांच्या पैशावर लोकांचं काम करते ती पूर्ण किंमत रोख मोजते. वर जीएसटी. तो सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून पाच टक्क्यांवर आला, एवढा मात्र दिलासा. कारखानदाराला तोही पुढे वजा करून घेता येतो. संस्थेला ते खातंच नसतं. हा घोळ फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेतही सोलरची सवलत करातून मिळायची, त्यामुळे तिथली चर्चं आणि धर्मशाळा वर्षानुवर्षं नुसत्या ऊन खात बसल्या होत्या. २०२२च्या कायद्याने तिथे ती रक्कम कर न भरणाऱ्या संस्थांना थेट हातात द्यायची सोय केली. हे मी खजिनदारांना सांगितलं. ते म्हणाले, “आपण अमेरिकेत नोंदणी केली तर?”

“मग कर्ज काढा,” असं कोणीतरी म्हणतंच. कार्यकारिणीत एक वकील असतात, ते या क्षणाचीच वाट पाहत असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. विश्वस्तांना कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. “मग एखाद्या कंपनीला गच्ची द्या, ती स्वखर्चाने बसवेल, आपण तिच्याकडून स्वस्तात वीज घेऊ.” ही पद्धतही खरोखर चालते, करार वीस-पंचवीस वर्षांचा असतो. वकील पुन्हा उठतात. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर त्यालाही आयुक्तांची मंजुरी. “पण गच्ची म्हणजे इमारत का?” या प्रश्नावर त्या दिवशीची सभा संपली. वकीलसाहेब प्रसन्न होते. काका घरी जाताना स्कूटरवर एक शब्द बोलले नाहीत.

आणि मग काकांना ती युक्ती सुचली. युक्ती कसली, गावाचा स्वभाव त्यांना उमगला एवढंच. बिलाला दाता मिळत नाही, कारण बिल ही वस्तू नाही. पण पॅनल ही वस्तू आहे. मोजता येते, दाखवता येते, वर चढून हात लावता येतो. साडेपाचशे वॅटच्या आसपासचं एक पॅनल, त्याची चौकट, त्याच्या वाट्याची वायर, इन्व्हर्टर, मजुरी सगळं धरून पंचवीस-तीस हजारांत बसतं. पाच किलोवॅटला नऊ-दहा पॅनल. म्हणजे दहा दाते. दिवसाला किलोवॅटमागे सरासरी चार युनिट धरा, वर्षाला सात हजारांच्या घरात युनिट. पुढच्या पंचवीस वर्षांचं बिल दहा वस्तूंत कापून त्यांनी गावापुढे मांडलं. ज्या गावात जून महिन्याच्या बिलाला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्या गावात दहा पॅनल एका रविवारी खपली. अकराव्या दात्याला प्रतीक्षायादीत टाकावं लागलं, तो अजून बोलत नाही.

अडचण एकच. नाव कुठे घालायचं? पॅनल गच्चीवर, तोंड सूर्याकडे, आणि सूर्याला मराठी वाचता येतं की नाही याबद्दल दात्यांच्या मनात शंका. एकाने काचेवरच ठळक अक्षरांत ‘कै. तीर्थरूप’ रंगवायचा आग्रह धरला. काकांनी समजावलं, की अक्षरांची सावली पडेल, वीज कमी होईल. “किती कमी?” दात्याने विचारलं. काका म्हणाले, “‘कै.’ एवढंच घातलंत तर थोडी. ‘स्मरणार्थ’ घातलंत तर रांग बसेल.” तडजोड म्हणून खाली दरवाजाशी एक फलक लावला. त्यावर पॅनलचे क्रमांक आणि समोर नावं. आता रविवारी दाते नातवंडांना घेऊन गच्चीवर येतात आणि आपलं पॅनल दाखवतात. मावशींनी त्यांना कुरडया विकायला सुरुवात केली आहे.

सगळ्या दात्यांना काकांनी मोबाइलवर एक अॅप घेऊन दिलं. त्यात आज किती वीज झाली ते दिसतं. ही त्यांची, मला वाटतं, अख्ख्या कारकिर्दीतली सर्वांत खर्चीक मदत. कारण पहिल्याच आषाढात, सकाळी साडेदहाला, सहा नंबरच्या पॅनलचे दाते फोनवर. “काका, आज उत्पादन फारच कमी आहे.”

“ढग आहेत.”

“ते दिसतंय हो. पण आपण कुठे कळवलंय का?”

एका उद्योगसमूहाच्या सामाजिक निधीतूनही वसतिगृहासाठी मदत मिळाली. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. तिकडून एक तरुण मॅडम आल्या, अतिशय हुशार. त्यांना किती टन कार्बन वाचेल ते हवं होतं. आपल्याकडच्या विजेला युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम धरतात, त्या हिशेबाने काकांनी वर्षाचे साधारण पाच टन सांगितले. त्या खूश झाल्या. खजिनदार मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाच टन वाचलेलं ठेवायचं कुठे? गोदाम तर भाड्याने दिलंय.” रुपयांत सांगितल्यावर त्यांचा जीव खाली पडला. युनिटला दहा रुपये धरा, महिन्याला सहाएक हजार, चार-पाच वर्षांत यंत्रणेची किंमत वसूल. हे ऐकून त्यांनी विचारलं, “आणि मग उरलेली वीस वर्षं?” काका म्हणाले, “पॅनल धुवायची. पंधरवड्यातून एकदा, सकाळी ऊन तापायच्या आत, साध्या पाण्याने.” ही जबाबदारी कोणाची, यावर लगेच उपसमिती नेमली.

उद्घाटन. उद्घाटनाशिवाय संस्थेत नवी बादलीसुद्धा वापरात येत नाही. प्रमुख पाहुणे आमदार, वेळ सकाळी अकरा. पाहुण्यांना वाटेत दोन लग्नं आणि एक दशक्रिया विधी लागला. ते आले तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. सूर्य आपल्या वेळेवर येऊन, दिवसभर काम करून, आपल्या वेळेवर गेला होता. इन्व्हर्टरही झोपला होता. काकांनी सुचवलं, की उद्घाटन उद्या सकाळी करू. अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका जिन्याकडे गेले. फीत कापली, कळ दाबली, व्यासपीठावरची ट्यूब झगमगली, टाळ्या झाल्या. ‘सूर्यनारायणाने आज या वास्तूत प्रवेश केला,’ असं आमदार म्हणाले. ट्यूब वीज कंपनीच्या विजेवर लागली होती, हे व्यासपीठावर कोणाला माहीत नव्हतं आणि ज्याला माहीत होतं तो जिन्यात बसला होता.

त्याहून मोठा प्रसंग पुढच्या महिन्यात. दुपारी दोन वाजता, टळटळीत ऊन, वसतिगृहात पालकसभा, आणि वीज गेली. अध्यक्ष हसले. म्हणाले, “आपली जाणार नाही. आपलं सोलर आहे.” आपलीही गेली होती. तारेला जोडलेलं सोलर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतं. व्हायलाच पाहिजे, नाहीतर गच्चीवरची वीज तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. काका हे प्रत्येक सभेत सांगतात, ते इतिवृत्तातही आहे. पण डोक्यावर लखलखणारा सूर्य, गच्चीवर दहा पॅनल आणि खाली अंधारात पुठ्ठ्याने वारा घेणारे पालक, या चित्राला इतिवृत्ताचा आधार पुरत नाही. एका पालकाने विचारलंच, “मग हे वर काय आहे?” अध्यक्ष म्हणाले, “ते बिलासाठी आहे.” मला वाटतं, सोलरची इतकी अचूक व्याख्या काकांनासुद्धा कधी जमली नव्हती.

बिलाचंही तसं एकदम साधलं नाही. कार्यवाहांनी वार्षिक अहवालात ‘शून्य वीजबिलाकडे वाटचाल’ असं छापून टाकलं होतं. पहिलं बिल आलं, वापर वजा होऊन युनिट जवळजवळ शून्य, तरी खाली काही शे रुपये. स्थिर आकार. सूर्य कितीही तळपला तरी तो जात नाही, कारण तो विजेचा नसतो, तार आपल्या दारापर्यंत आल्याचा असतो. शाळेचं मात्र चांगलं जमतं. मे महिन्यात शाळा बंद, सूर्य जोरात. ती वीज खात्यात जमा होते आणि पावसाळ्यात, वर्गात दुपारी दिवे लावावे लागतात तेव्हा कामी येते. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. तोवर जी शिल्लक वापरली नाही ती कंपनी आपल्या ठरावीक दराने घेऊन टाकते. हा दर ऐकल्यावर मुख्याध्यापकांनी मार्चभर व्हरांड्यातले पंखे सुरू ठेवायचा आदेश काढला. काकांनी तो मागे घ्यायला लावला.

तर वाचनालयाचं बिल खरोखरच उतरलं. वर्षाचे बरेच हजार वाचले. वाचलेल्या पैशांचं काय करायचं, हा विषय कार्यकारिणीपुढे पहिल्यांदाच आला. कारण मिळालेल्या पैशाचा ठराव कसा करायचा ते माहीत होतं. वाचलेल्याचा नमुना कोणाकडे नव्हता. बालविभागाला पुस्तकं घ्यावीत असं ग्रंथपाल बाई म्हणाल्या. तेवढ्यात ऐनवेळच्या विषयांत उपाध्यक्षांनी सूचना मांडली की आता वीज जवळपास फुकटच आहे, तर सभागृहाला एसी बसवावा. दाता तयार आहे. एसीच्या पुढच्या पट्टीवर नावाला भरपूर जागाही असते. अनुमोदनाला चार हात वर गेले.

काकांनी शांतपणे डायरी काढली. म्हणाले, “बसवा की. हरकत काहीच नाही. फक्त वीज सूर्याची हवी असेल तर एसी लावून सभा घ्यायच्या त्या दुपारी बारा ते तीनमध्येच घ्याव्या लागतील.”

दुपारी बारा ते तीन ही आमच्या कार्यकारिणीची जेवायची आणि झोपायची वेळ. एसीचा विषय पुढील सभेवर ढकलला. पुढील सभा कधी घ्यायची, हे अजून ठरायचंय. पुस्तकांची यादी मात्र ग्रंथपाल बाईंनी दुसऱ्याच दिवशी दुकानात पाठवली.